लिंबाजी जहाजी आणि नऊ दिवसांचा समुद्र

लिंबाजीच्या गॅरेजात गिऱ्हाइकासाठी एकच स्टूल होतं आणि त्याचा एक पाय त्यानं स्वतः करवतीनं दोन बोटं कापलेला होता. गिऱ्हाईक बसलं की स्टूल डुलायचं. कुणी कुरकुर केली की तो म्हणायचा, "डुलू द्या की. मी महिनाभर डुललो, तुमी तासभर डुला."

देवगाव फाट्यावर आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चहा, भजी, चिवडा आणि एस.टी.ची वाट पाहणाऱ्यांसाठी चार बाकडी. रस्त्यापलीकडं त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. पाच वर्षं मी त्याला गल्ल्यावरून पाहिलं. यंदा संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा एकदाचा निकाल लागला, तेव्हापासून जुन्या गोष्टी पुन्हा निघाल्या आणि बसमधून उतरणारं रोज कुणीतरी विचारतं, "जहाजी कुठं हाय?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसायला मला सवड नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

लिंबाजी इथून दीड कोसावरच्या गावातला, बौद्धवाड्यातला. फौजेत इंजिनिअर पलटणीत दहा वर्षं होता. सरकारनं दक्षिण ध्रुवावर माणसं पाठवली, त्यात जनरेटर सांभाळायला त्याला नेलं होतं. फौजेतून नाव कापून परत आला आणि फाट्यावर डिझेल इंजिनं दुरुस्त करायला लागला. बुटका, रुंद, मिश्या बारीक कातरलेल्या. उभा राहिला की पाय फाकवून उभा राहायचा, जमीन आता कुठल्याही बाजूला कलेल असा. पाने, स्क्रूड्रायव्हर सगळे सुतळीनं फळीला बांधलेले. जेवायला बसला की आधी फडकं ओलं करून पिळायचा, अंथरायचा आणि त्यावर ताट ठेवायचा. मी एकदा विचारलं, हे कशाला? म्हणाला, "ओल्या फडक्यावरलं ताट घसरत न्हाई, अक्का." मी म्हटलं, फाटा काही हलत नाही. "तुमचा न्हाई हलत," तो म्हणाला.

त्याचे दोन नियम होते. पहिला, मालक समोर बसल्याशिवाय तो इंजिनाला हात लावत नसे. पोरगा, गडी, मुनीम चालत नसे. "मागून म्हणतेल पार्ट बदलला, पार्ट चोरला. देखत खोलतो, देखत बसवतो." दुसरा नियम चहाचा. इंजिन खोलायच्या आधी तो तामचिनीचा पांढरा मग घेऊन रस्ता ओलांडून यायचा, मी त्यात चहा ओतायची. निम्मा तो प्यायचा आणि उरलेला मालकापुढं धरायचा. दुसरा कप नाही, बशी नाही. प्यायलं तर इंजिन खोलणार, नाही तर ट्रॉली वळवून घ्या.

हा नियम कुठून आला हे मला सांगायची गरज नव्हती. आम्ही लिंगायत. माझ्या सासऱ्यांच्या काळात हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात कान तुटलेले दोन कप असायचे. लिंबाजीच्या लोकांनी ते घ्यायचे, बाहेर बसून प्यायचं, विसळून परत ठेवायचे. ते कप मी फेकून दिले असं सांगून मोठेपणा घेणार नाही. एक फुटला, एक हरवला, मी नवे आणले नाहीत, इतकंच. लिंबाजीला मी पुष्कळदा म्हटलं, आत बसा. तो म्हणायचा, "हितंच बरं हाय." पाच वर्षांत त्यानं आमचा उंबरा ओलांडला नाही.

पहिल्या वर्षी निम्मे बागायतदार मग बघून परत गेले. पण सेलूच्या मिस्त्रीला जे इंजिन कळत नसे ते याला कानानं कळायचं. दुसऱ्या वर्षी तेच लोक मग रिकामा करून तोंड पुसायचे.

चहा झाला की समुद्र सुरू व्हायचा. पान्यानं नट सैल करत, मान वर न करता तो सांगायचा. मी इतक्यांदा ऐकला आहे की मलाच तोंडपाठ आहे.

"गोव्याहून निघालाव. मॉरिशसपर्यंत मजा. भजी खायची, डेकवर पत्ते खेळायचे. मग कप्तान म्हणला, आता गरजणारे चाळीस येणार. मला वाटलं चाळीस जणांची टोळी हाय. तर ते चाळीस अंश. त्याच्या खाली जगात जमीनच न्हाई. वारं सुटलं की पृथ्वीला गरका मारून परत तिथंच येतंय, अडवायला ना डोंगर ना झाड. आन् आमचं जहाज बर्फ फोडायचं. म्हणून बुडाला पातेल्यासारखं गोल. बर्फावर लय चांगलं, पण लाटंवर? पातेलं पाण्यात सोडून बघा घरी जाऊन."

मग तो हात आडवा धरून तिरपा करायचा. "हितपर्यंत कलायचं. भिंतीवर पाय देऊन चालायचं. झोपताना पट्ट्यानं स्वतःला बांधून घ्यायचं, न्हाईतर खाली. लाट समोरून न्हाई येत, तिरकी येतेय. आधी उचलती, मग पिळती, मग सोडून देती. सोडून दिलं की पोट वर राहतंय आन् तुमी खाली."

इथपर्यंत आलं की स्टुलावरचा माणूस हमखास एक हात गुडघ्यावर आणि एक फळीवर टेकायचा.

जहाजावरची मोठी माणसं एकजात आडवी झाली होती. साहेब, डॉक्टर, शास्त्रज्ञ, सगळे बादली धरून. लिंबाजीला काही झालं नाही. का ते त्यालाही माहीत नव्हतं. सोबत नेलेल्या कारळाच्या चटणीशी कोरडी चपाती खायचा आणि जनरेटरपाशी उभा राहायचा. कुणी उभंच नव्हतं म्हणून बाकीच्यांच्या बादल्याही त्यानंच रिकाम्या केल्या.

"आमच्या शेजारच्या खोलीत एक शास्त्रज्ञ होता, लय शिकलेला. पहिल्या दिवशी मी बादली धरलेली, तर दोन उलट्यांच्या मधी मला विचारतंय, आडनाव काय तुमचं? बघा! जीव चाललाय, पण आडनाव पाहिजे. सांगितलं. पुढच्या उलटीला बादली माझ्या हातातून घेतली आन् स्वतः धरली. ती सांडली त्याच्याच अंगावर."

गिऱ्हाइकं हसायची. लिंबाजी हसत नसे. तो पुढचं सांगायचा.

"चौथ्या दिवशी त्याच्या पोटात काय राहिलं न्हाई. नुसतं हिरवं पित्त. तवा तो रडायला लागला. म्हणला, एका पोराचं नाव मी यादीतनं खोडलं होतं. गुण होते, मुलाखत बरी होती, नुसतं आडनाव बघून खोडलं. मी त्याला विचारलं नव्हतं हो. त्यानं आपणच सांगितलं. तवा मला कळलं, पोट पार रिकामं झालं की मगच खरं वर येतंय. आधी न्हाई."

त्याच समुद्रात, पंचावन्न अंशांवर, वायरलेसवाल्यानं त्याला चिठ्ठी आणून दिली. आई वारली होती. हे तो गिऱ्हाइकांना सांगत नसे. मला एकदाच सांगितलं, चहाचा मग विसळत, तेही एवढंच: "तवा जनरेटर सोडता येत नव्हता."

त्याच्या आईचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव पहिल्यांदा झाला त्या पावसाळ्यात आमच्या भागात वस्त्या जाळल्या. लिंबाजीच्या गावचा बौद्धवाडाही जाळला. त्याच्या आईनं, सोजरबाईनं, धान्याची कणगी ओढायला आत हात घातला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. पुढं त्या हातांची मूठ कधी वळली नाही. दुसऱ्याला भरवायला लागायचं. अशी ती सात वर्षं जगली.

जळालेल्या बोळात रॉकेलचा एक कॅन सापडला. त्याच्या बुडाला तांब्याच्या पत्र्याचं ठिगळ होतं. ते ठिगळ लिंबाजीनंच मारलं होतं, कारण तेव्हा तो त्याच गावच्या बागायतदार माणिकरावांच्या इंजिनावर कामाला होता आणि कॅन माणिकरावांचा होता. लिंबाजीनं फौजदाराला हे सांगितलं. कागदावर उतरलं ते असं: जाळपोळ करणारे अज्ञात इसम.

आता माझं. जाळपोळीच्या आदल्या संध्याकाळी माणिकराव तीन गड्यांबरोबर आमच्या हॉटेलात बसले होते. कॅन बाकड्याखाली होता. भजी मीच नेऊन दिली, आणि बाकडं पुसायला वाकले तेव्हा ठिगळ पाहिलं. जाताना माणिकराव सासऱ्यांना म्हणाले, "आज जरा लौकर बंद करा." दुसऱ्या दिवशी फौजदार कॅन घेऊन आला, हा कुणाचा? सासरे म्हणाले, "आमी काय न्हाई पाहिलं." मी किटली धरून मागं उभी होते. मला विचारलं, तर मीही तेच म्हटलं. तीस वर्षांची होते, लहान पोर नव्हते.

लिंबाजीला त्या कागदावर अज्ञातच्या जागी नाव हवं होतं. दुसरं काही नाही. घर मिळालं होतं, नोकरी केली होती, ध्रुव पाहून आला होता. पण परत येऊन त्यानं गॅरेज परभणीला नाही, मानवतला नाही, फाट्यावर टाकलं, कारण माणिकरावांच्या शेताचा रस्ता इथून जातो. तो वाट पाहत होता. चार वर्षं पाहिली.

पाचव्या उन्हाळ्यात माणिकरावांच्या शिवारातली विजेची डीपी जळाली. नवी यायला महिना लागणार होता. सहाशे झाडांची मोसंबीची बाग, विहिरीवरचं इंजिन निजामाच्या काळात आजोबांनी हैदराबादहून आणलेलं. डीपी गेल्यावर ते चालू करायला गेले तर जाम. सेलूचा मिस्त्री आला आणि गेला. परभणीचा आला, त्यानं दोन पार्ट मोडून ठेवले. मग एका सोमवारी सकाळी ट्रॉली लिंबाजीच्या दारात उभी राहिली.

माणिकराव साठीचे, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं. खाली उतरून म्हणाले, "लिंब्या, बघ बरं जरा."

"बसा मालक," लिंबाजी म्हणाला आणि पांढरा मग घेऊन माझ्याकडं आला. त्या दिवशी मी चहात साखर जरा जास्तच टाकली.

निम्मा पिऊन त्यानं मग पुढं केला. माणिकराव म्हणाले, "आज सोमवार हाय. उपास."

"उपासाला चहा चालतोय की, मालक."

फाट्यावर दहा-बारा माणसं होती. माणिकरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि तोंडातून जे निघून गेलं ते गेलं. "निर्जळी हाय माझी. नवस केलाय. इंजिन चालू होऊन बागेला पाणी लागेस्तोवर दिवसा पाण्याचा थेंब न्हाई."

लिंबाजीनं मग खाली ठेवला. नवस मोडायला तो कसा सांगणार? "मग चहाचं माफ," तो म्हणाला. "पर समोर बसावं लागंल. रोज."

चार दिवसांचं काम होतं, हे मी छातीठोक सांगते. त्यानं नऊ दिवस लावले. सकाळी नऊला माणिकराव स्टुलावर, चारला उठायचे. वर पत्रा, चैत्रातलं ऊन, बाजूला डिझेलचा वास आणि समोर समुद्र. रोज थोडाच सांगायचा. "आज चव्वेचाळीस अंशापर्यंत आलाव मालक. उद्या अठ्ठेचाळीस. उद्या लाट मोठी हाय."

माणिकराव घरी पहाटे तांब्याभर पाणी पिऊन येत असणार आणि घरी जाऊन पिंपभर पीत असणार. पण सात तास अख्ख्या फाट्यादेखत घोट घेता येत नव्हता. दर बसमधून कुणीतरी उतरून पाया पडायचं. "मालक, लय कडक नवस धरला." पंक्चरवाला चाँदभाई मला म्हणाला, "अक्का, मालक ने तो चैत में रमजान लगा दिया. सहेरी को बी उठते क्या, पूछो ना." मी विचारलं नाही, पण हसले.

तिसऱ्या दिवशी लिंब्याचा लिंबाजी झाला. सहाव्या दिवशी माणिकरावांचा गडी हॉटेलच्या मागच्या दारानं आला. "अक्का, गिलासभर पाणी द्या. मालक लघवीला म्हणून हिकडं येतेल, गुपचूप पेतेल."

मी म्हटलं, "त्यांना सांग, व्रत मोडल्याचं पाप माझ्या दाराला नको."

मी दार लावून घेतलं. त्या रात्री मला चांगली झोप लागली, हेही लिहून टाकते.

सातव्या दिवशी माणिकराव म्हणाले, "लिंबाजीराव, झाडं वाळायलीत हो. पानं गळायलीत."

"हवा निघायचीय अजून, मालक. डिझेलच्या नळीत हवा राहिली की इंजिन धरत न्हाई. सगळी निघू द्या."

नवव्या दिवशी सगळे पार्ट बसले होते. फक्त नळी जोडायची होती. वारा पडलेला, पत्रा तापलेला. लिंबाजी सांगत होता, आवाज अगदी हळू, पोराला निजवताना असतो तसा. "आता उचलली... उचलली... आता पिळायलीय... आन् सोडली." माणिकरावांचा रंग मातीसारखा झाला होता. स्टूल डुललं. ते एका बाजूला कलले आणि ओकायला लागले. पोटात काही नव्हतंच. लिंबाजीनं अशा चपळाईनं बादली धरली, की ती त्यानं आधीच जवळ ठेवली होती हे कुणाच्याही लक्षात यावं. एका हातानं बादली, दुसऱ्या हातानं त्यांचं कपाळ.

मी रस्ता ओलांडून गेले. आणखी पाच जण धावले. चाँदभाई पाणी घेऊन आला, लिंबाजीनं नजरेनंच त्याला थांबवलं.

"मालक," तो म्हणाला, "कॅन कुणाचा होता?"

माणिकराव म्हणाले, "पाणी."

"देतो की. कॅन कुणाचा होता?"

त्यांनी बादलीचा काठ धरला. मग म्हणाले, "माझा."

"बौद्धवाडा जाळायला कोण घेऊन गेलं?"

"मी. मीच म्हणलो होतो पोरांना. पाणी दे रे बाबा."

लिंबाजीनं त्यांना त्याच मगातून पाणी पाजलं, मीठ-साखर घालून, घोट घोट. ते दोन्ही हातांनी मग धरून प्यायले, आणि अजून मागितलं. मग लिंबाजीनं नळी जोडली, चाक फिरवलं, इंजिनानं पहिल्या झटक्याला धरलं. "न्या," तो म्हणाला. बाग वाचली. यंदाही मोसंबी चांगली आली, मी चाखली नाही.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या ठाण्यात गेला. फौजदार नवा होता, बरा होता, म्हणाला साक्षीदार आणा. माणिकरावांनी सांगितलं, उन्हानं बरळलो असेन, मला काही आठवत नाही. ज्यांनी ऐकलं त्या पाचांनी काही ऐकलं नव्हतं. चाँदभाईनं निदान तोंडावर सांगितलं, "अक्का, मेरे कू यहींच धंदा करना है. मेरे कू मत बोलो." मी त्याला काय बोलणार? माझे यजमान घरी म्हणाले, "तू तरी कशाला भानगडीत पडतीस?" मीही दोन दिवस गप्प होते.

तिसऱ्या दिवशी माणिकराव हॉटेलात आले. निर्जळी सुटली होती. भज्यांची प्लेट, वर चहा. खाऊन झाल्यावर मिशी पुसत म्हणाले, "अक्का, तुमी शहाण्या हाव. मागं बी शहाण्याच होता."

मी त्यांच्यापुढची प्लेट उचलली, गल्ला बंद केला, पदर खोचला आणि सेलूची बस धरली. लिंबाजीला जाताना नुसतं "चला" म्हटलं. तो हात पुसून माझ्या मागोमाग चढला, पण माझ्या शेजारी बसला नाही. पुढं ड्रायव्हरजवळ उभा राहिला, पाय फाकवून.

त्या कागदाचं पुढं काय झालं ते आधीच सांगते, म्हणजे कुणी आशेनं वाचायला नको. खटला उभा राहिला नाही. जुनं प्रकरण, कॅन हरवलेला, वर कुणाचा तरी फोन. पण नाव कागदावर आलं. माणिकरावांना आता गावात मागून निर्जळी म्हणतात. सोयरिकीला गेले तरी तिथं आधी तेच पोहोचलेलं असतं. लेकाच्या लग्नात एका कार्ट्यानं भर मांडवात हाक मारली, तेव्हा वरमाईसुद्धा हसली. हे मला कुणी सांगितलं की मी त्याला चहा फुकट पाजते.

ठाण्यात मी खुर्चीवर बसले. लिंबाजी दाराशी उभा. मी सगळं सांगितलं: ती संध्याकाळ, बाकडं, ठिगळ, लौकर बंद करा म्हणाले ते, आणि नवव्या दिवशी जे ऐकलं तेही. हवालदार लिहीत होता. फौजदारानं मान वर केली.

"बाई, चौदा वर्षं झाली. इतके दिवस का बोलला नाहीत?"

मला वाटलं होतं हे विचारतील, आणि बसमध्ये मी दोन-तीन उत्तरं जमवली होती. सून होते. सासरे होते. भीती होती. ते सगळं सोडून मी लिंबाजीकडं पाहिलं. पाच वर्षं मी त्याला चहा दिला होता. मला वाटलं, तो म्हणेल, जाऊ द्या साहेब, आल्या ना आता.

लिंबाजी हवालदाराला म्हणाला, "माहीत असून गप होत्या, हे बी लिहा साहेब. त्यांच्या नावासकट."

हवालदारानं फौजदाराकडं पाहिलं, फौजदारानं माझ्याकडं. मी म्हटलं, "लिहा."

लिहिलं. मी वाचून सही केली. वाचून होईपर्यंत तो तिथंच होता, प्रत्येक ओळीला माझा चेहरा बघत. सही झाल्यावर त्यानं कागद हातात घेतला, दोन्ही नावं बोट ठेवून तपासली, माणिकरावांचं आणि खाली माझं, आणि हवालदाराला परत दिला.

बाहेर आलो तर फाट्याकडची बस लागलेली होती. मी चढले. तो पलीकडच्या येलदरी धरणाच्या बसकडं निघाला होता. खिडकीतून मी विचारलं, "गॅरेज?"

"पत्रे विकून टाका," तो म्हणाला. त्याची बस आधी सुटली. दारातच उभा होता, दांडा न धरता. खड्ड्यात बस डाव्या अंगाला कलली, आतली माणसं एकमेकांवर पडली. तो जागचा हलला नाही आणि मागं वळूनही पाहिलं नाही.